येतो म्हणाले होते

माझा मामा किल्ल्या करतो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा: एक स्टूल, एक मशीन आणि भिंतभर लटकणाऱ्या कोऱ्या किल्ल्या. कामात असला की दातांत किल्ली धरूनच बोलतो, त्यामुळे ‘स’चा ‘श’ होतो. “शांगा शाहेब, किल्ली हरवली की अक्कल?”

संध्याकाळी मात्र तो द्वारपाल. आमच्या नाटकमंडळीचं एक जुनं नाटक आहे, बावीस वर्षं चाललंय. त्यात राजा युद्धाला निघतो आणि दाराशी म्हणतो, “येतो.” घरातून निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? राजासुद्धा नाही. पण द्वारपाल पडला भोळा. महाराज येतो म्हणाले, मग कडी कशी लावायची? शेवटच्या अंकात त्याच दारातून शत्रू आत येतो. राणी विचारते, “दार कुणी उघडं ठेवलं?” आणि मामाचं अख्ख्या नाटकातलं एकुलतं एक वाक्य येतं: “महाराज येतो म्हणाले होते!”

की सभागृह खो खो हसतं. मामा दर वेळी घरी येऊन चिडतो.

यंदा नव्या दिग्दर्शिकाबाई आल्या. त्या नाकातून बोलतात, प्रत्येक वाक्याला सर्दी झाल्यासारखं. एक दिवस थेट दुकानाशीच आल्या. “राणी कोसळतेय आणि लोक खिदळतायत! वाक्य काढून टाकू हं मामा.”

मामाने तोंडातली किल्ली काढली. “बाई, एकदा करून बघू द्या.”

“बरं. उद्याच्या तालमीत. पण कुणी एक जरी हसलं तरी कात्री.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात मामा एकच किल्ली घासत बसला होता. घासता घासता मला नाटक सांगायला लागला, स्वतःच्या बाजूने.

“राजा युद्धावर जातो ते तुम्हा लोकांना दिसतं. मला दिसते पाठ. मग धूळ. मग नुसती वाट. दुसरा अंक आत महालात. तो मला भिंतीपलीकडून ऐकू येतो, झोपेत शेजारचा नळ ऐकू यावा तसा. राणी गाते की रडते, कळत नाही. दाराच्या फटीतून उन्हाची पट्टी येते, पायावर चढते, गुडघ्यापर्यंत येते, निघून जाते. कडीवर कोळ्याने जाळं विणलंय. मी मोडत नाही. कडी लावायचीच नाही, मग त्याला कशाला उठवू? वारा आला तरी मी बाजूला सरतो. महाराज असले तर? आणि एक दिवस पावलं वाजतात गं. खरीखुरी. मी धावत जाऊन दार अजून उघडतो.”

मशीन कधी थांबलं, मला कळलंच नाही.

“मामा,” मी म्हटलं, “आणि मग तू हे असं म्हणतोस.” मी उठले, छाती फुगवली आणि मरणाची तार आल्यासारखी बोंब ठोकली, “महाराज येतो म्हणाले होतेऽऽ!”

मामा इतका हसला की स्टूल डुगडुगलं. “असा ओरडतो मी?”

“याहून जोरात.”

संध्याकाळी तालमीत राणीने विचारलं, “दार कुणी उघडं ठेवलं?” मामाने तिच्याकडे पाहिलंच नाही. त्याचा हात कडीपासून बोटभर दूर थांबला होता, जणू तिथे जाळं होतं. मग तोंडातलं काही सांडू नये अशा बेताने तो म्हणाला, “महाराज… येतो म्हणाले होते.”

पंख्याचा आवाज ऐकू आला. लाइटवाला वायर गुंडाळायची विसरला.

“राहू दे वाक्य,” बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच नाक न वापरता.

मी विंगेत धावले. मामा पुठ्ठ्याचं शिरस्त्राण मांडीवर घेऊन बसला होता, तोंड एवढंसं करून.

“मामा, राहिलं ना वाक्य!”

“हो गं. पण कुणीच हसलं नाही?”

“कुणीच नाही.”

“तो लाइटवालासुद्धा? बावीस वर्षं हसतोय मेला.”

“तोसुद्धा नाही. प्रयोगाला मी मागे बसून हसू का?”

“कान उपटीन.”

सगळं आवरून आम्ही निघालो. मामाने सवयीने किल्ली दातांत धरली, रिकाम्या रंगमंचाकडे वळून पुटपुटला, “येतो,” आणि चालायला लागला. मागून बाईंची नाकातली हाक आली, “अहो मामा, दार कोण लावणार?”

मामा न वळता म्हणाला, “कशं लावू बाई? येतो म्हटलंय ना!”

आतून लाइटवाल्याचा जो खिंकाळल्यासारखा हशा आला, तो जिना उतरेपर्यंत आमच्या मागे येत होता. मामाची चाल द्वारपालाची राहिली नाही, एकदम राजाची झाली.