रेडिओवाल्यांची प्रार्थना

बुधवार पेठेत आमचा रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ लुथरन ख्रिस्ती आहेत. गिऱ्हाईक दिसलं की एकच प्रश्न: "आवाज कधीपासून बसलाय?" आणि उत्तर येईपर्यंत मागचे स्क्रू काढून झालेले असतात. तरीही इतकी वर्षं मला धास्ती होती, की हे एक दिवस धर्माचं काढणार.

आई दवाखान्यात होती तेव्हा तिचा रेडिओ द्यायला ते स्वतः आले. पिशवीतून बायबल डोकावत होतं. मी सावरून बसलो.

"काकू, तुमच्यासाठी प्रार्थना करू का?"

आई म्हणाली, "करा, पण मोठ्यानं नको."

त्यांनी मिनिटभर डोळे मिटले, रेडिओ लावून दिला आणि निघाले. जिन्यात मला राहवलं नाही. "एवढंच?"

"विचारलंत तर सगळं सांगेन. पण विश्वास देणं देवाचं काम, अहो. त्यात मी हात घातला तर बिघडेल. माझ्याकडे त्यानं रेडिओ सोपवलेत."

मला एकदम हलकं वाटलं. थोडी लाजही वाटली.

घरी आल्यावर आईनं त्यांना उकडीचे मोदक पाठवले. डबा उघडून ते म्हणाले, "काकूंना विचारा, मोठ्यानं खाल्ले तर चालतील ना?"