पांढऱ्या ठशांचा कडा

पारव्यांच्या विष्ठेला मी खडूची पूड समजलो. नुसतं समजलो असतो तर एक वेळ चाललं असतं. मी ती तळहातांना चोळली, आणि बायकोच्या देखत जिभेला लावूनही पाहिली.

कातळ चढणारे लोक हाताचा घाम टिपायला एक पांढरी पूड वापरतात, तिला खडूच म्हणतात. कमरेला तिची पिशवी असते. बोटं आत बुडवायची, फुंकर मारायची, पुढं चढायचं. त्यामुळं ज्या वाटेनं कुणी चढून गेलंय, तिथल्या खोबणींवर पांढरे ठसे राहतात. ज्याला ते वाचता येतात त्याला वर कुठं हात घालायचा हे खालूनच कळतं. मला ते वाचता येतात, असा माझा समज होता.

त्या दिवशी हुशारी दाखवणं भागच होतं. जालन्यात माझा दोर धरणारा एकच माणूस होता, बियाण्यांच्या कंपनीतला एक मित्र, आणि त्याची बदली हैदराबादला झाली. खाली दोर धरणारा नसेल तर चढणारा म्हणजे घट्ट बूट घालून उन्हात उभा राहिलेला एक जाड माणूस, बाकी काही नाही. दुसरं कुणी मिळेना. ज्याला विचारावं तो म्हणायचा, वर काय आहे? वर काही नाही म्हटलं की विषय संपायचा. शेवटी बायकोच्या मागं लागलो. ती शाळेत शिकवते, रविवार हा तिचा एकुलता एक मोकळा दिवस. पुष्कळ भुणभुण झाल्यावर ती म्हणाली, एकदा येईन. जमलं तर दर रविवारी धरीन. नाही जमलं तर हा विषय घरात पुन्हा निघणार नाही, आणि तो दोर टेंभुर्णीला माझ्या भावाकडं जाईल, कडब्याची गाडी आवळायला. मी कबूल केलं. न करून सांगतो कुणाला?

सराव घरीच केला. दोर गच्चीवरच्या टाकीच्या खांबामागून घेतला. ती खाली अंगणात, मी कठड्याबाहेर लोंबतोय. ती दोर इंचाइंचानं सोडायला लवकर शिकली, मला लोंबताना लाज वाटायची ती काही गेली नाही. शेजारचे मारवाडी काका पहिल्या दिवशी नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फाटकाशी गाठलं आणि आवाज खाली करून सांगितलं, की घरात काही वाद असेल तर चार मोठी माणसं बसून मिटवू, एवढ्या थराला जायचं कारण नाही.

कडा धावडा गावाच्या पुढं, एका कोरड्या नाल्यात, डोंगराच्या उत्तर अंगाला आहे. फेब्रुवारी सरता सरता आमच्याकडचे सगळे दगड तव्यासारखे तापतात, हा तेवढा दिवसभर सावलीत. तिथं कुणी फिरकत नाही. बायकोला मी ‘स्वच्छ, गार, निवांत जागा’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं. स्वतः ती जागा मी फक्त एकदा, चालत्या गाडीतून पाहिली होती.

गाडीतून वास येत नाही. चालत गेलो तसा तो यायला लागला. आधी बंद गोदामाचा, मग कोंबड्यांच्या खुराड्याचा, आणि कड्याच्या पायाशी तर नाकात काही तरी तिखट शिरून डोळ्यांतून पाणी काढणारा. बायकोनं ओढणी नाकावर घेतली. मी म्हटलं, सावलीतल्या ओलाव्याचा वास आहे. ओलावा कुठं आहे, असं तिनं विचारलं. नाल्यात पाण्याचा टिपूस नव्हता. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

मागच्या चढणीनं वर जाऊन दोर एका दणकट झाडाला अडकवला, दोन्ही टोकं खाली सोडली, उतरून आलो. एक टोक माझ्या कमरेला, दुसरं तिच्या हातात. तिला मी मागच्या धोंड्याला बांधलं, कारण माझं वजन तिच्यापेक्षा बरंच जास्त आहे आणि मी पडलो तर ती उचलली गेली असती. मग मान वर केली, आणि ठसे दिसले. अगदी हात पुरेल एवढ्या अंतरानं, एकावर एक, काळ्या कातळावर पांढरेशुभ्र.

मला इतका राग आला. माझ्या कड्यावर माझ्या आधी कुणी चढून गेलं होतं. पुण्याचा असणार, मी म्हटलं. मग बायकोला त्याचं वर्णनच करून सांगितलं. उंच आहे, कारण ठसे लांब लांब आहेत. डावखुरा आहे, कारण डावीकडं जास्त आहेत. आणि उधळ्या आहे, केवढी पूड सांडलीय बघ. सगळ्यात खालच्या खोबणीतली पूड मी चिमटीत घेतली, हातांना फासली, आणि जाणकार माणूस जसं करील तसं बोट जिभेला लावलं. खारट लागली. याला घामही फार येतो, असं मी तिला सांगितलं.

ती माझ्याकडं बघत होती. मुलानं फळ्यावर गणित चुकवलं तरी पूर्ण सोडवू द्यावं, तशी.

“मी रोज खडू हातात घेते,” ती म्हणाली. “खडूला वास न्हाई येत.”

“हा शाळेचा खडू नाही,” मी म्हटलं. “हा वेगळा असतो.” आणि चढायला लागलो.

खालच्या खोबणी कोरड्या होत्या. माझं बरं चाललं होतं. पुरुषभर वर गेल्यावर पूड जाड झाली, तिच्यात काड्या लागायला लागल्या. आणखी वर ती ओली झाली. हिरवट, चिकट, ताकात कालवलेल्या पिठासारखी, आणि कोमट. बोटं आत रुतली आणि निघताना पिचिक असा आवाज आला. मनगटाला एक पीस चिकटलं. शहाण्या माणसाला तेवढं पुरलं असतं. पण खाली बायको आहे, तिनं एकदाच येईन म्हटलंय, आता उतरलो तर दोर टेंभुर्णीला जातो, हे माझ्या डोक्यात. ओठांवर घाम आला तो मी त्याच हातानं पुसला. ते आठवलं की आजही मी उठून चूळ भरून येतो.

वर एक अरुंद ओटा होता. त्याच्या काठावरून डावा हात आत घातला, तो काड्यांच्या ओल्या रेंद्यात गेला, आणि त्या रेंद्यात काही तरी हललं. डोकं वर काढलं तर नाकासमोर पारव्याची दोन पिल्लं. नागडी, जांभळी, अंगावर पिवळे केस, आणि माझ्याकडं चोच वासून. त्याच क्षणी आतले सगळे पारवे फडफडून माझ्या तोंडावरून बाहेर पडले. मी घाबरून उजवा हात शेजारच्या फटीत खुपसला. ती घुबडाची फट होती. आत त्यानं ओकून टाकलेले हाडांचे नि केसांचे गोळे होते, आणि त्यांच्यावर अर्धा उंदीर. कुठला अर्धा ते बोटांना कळलं, कारण शेपूट बोटांत आली.

मी दोन्ही हात सोडले.

दोर ताणला, मी गरकन फिरलो, पाठ कातळावर आपटली, आणि त्या धक्क्यानं ओट्यावरचा किती पिढ्यांचा साठा होता तो सगळा ढासळून खाली गेला. खाली बायको उभी होती. ती धोंड्याला बांधलेली, पळणार कुठं? धूळ बसल्यावर मला एक पांढरी बाई दिसली. दोर तिच्या हातात तसाच.

“तू ठीक आहेस ना?”

“डोळ्यात गेलं माझ्या. बोलू नका. धरून राह्यले मी.”

डोळ्यातलं काढायला हात लागतो, आणि तिनं हात सुटा केला नाही. मला तोवर उमळून यायला लागलं होतं. जिभेवरचा खारटपणा कशाचा होता ते कळलं होतं ना.

“मला खाली घे,” मी म्हटलं. “जल्दी.”

“उलटी होऊन राह्यली का तुम्हाला?”

“हो.”

“मंग तिथंच करा. झाली की सांगा.”

झाली की मी सांगितलं. दरम्यान ती धोंड्याच्या दोरीला जेवढं सरकता येईल तेवढी बाजूला सरकली होती. मग तिनं मला खाली घेतलं, भरलेली घागर ओट्यावर ठेवावी तसं, एक धक्का न लागता. माझे दोन्ही पाय टेकेपर्यंत तिनं दोर सैल केला नाही. तिच्या केसांत, भुवयांत, कानांत सगळीकडं ते होतं, आणि एक डोळा लालभडक. पाण्याची बाटली एकच होती. तिनं डोळा धुतला. उरलेलं मी माझ्या हातानं पिऊ शकत नव्हतो, म्हणून तिनंच वरून माझ्या तोंडात ओतलं, लांब हात करून, मान वळवून.

परतताना गाडीच्या काचा सगळ्या खाली, तरी वास आमच्याबरोबर प्रवास करत होता. रस्त्याकडेच्या हॉटेलवर चहाला थांबलो तर मालकानं आम्हाला बाहेरचा बाक दाखवला, आणि आम्ही बसल्यावर तो बाक जरा आणखी पलीकडं घ्यायला सांगितलं. बायकोनं चहा घेतला, मग आणखी एक घेतला. मी कप तोंडाशी नेला की नखांतला वास यायचा आणि कप खाली ठेवायचो.

शेवटी मीच विषय काढला. म्हटलं, झालं ते झालं. शब्द तो शब्द. दोर उद्याच्या उद्या टेंभुर्णीला पाठवून दे, चढायचं नाव मी पुन्हा काढणार नाही. आवाज जमेल तेवढा पडका ठेवला होता.

तिनं कप ठेवला, दोराचे वळ उठलेले आपले तळवे उलटसुलट करून पाहिले.

“दोर कशाला पाठवायचा? तो मला बराबर जमला,” ती म्हणाली. “चढणारा तेवढा दुसरा बघा.”