ठिपक्यांचा गाऊन

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, यांनी उभी हयात चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासल्या. त्यामुळे म्हणा की मुळातच म्हणा, ज्यातून आरपार दिसतं ते स्वच्छ, असा त्यांचा पक्का समज. माणसंही त्यांना तशीच लागायची. ताईशी त्यांचं कसं जमलं देव जाणे, कारण तिच्या मनात काय चाललंय ते आमच्या आईलाही कधी कळलं नाही.

ताईला मूलबाळ झालं नाही. चाळिशी उलटल्यावर तिने मासे पाळले. तेही साधेसुधे नाहीत, डिस्कस. ताटलीसारखे गोल, चपटे, अंगावर नागमोडी रेघा आणि नखरे विचारू नका. पाणी कोमट हवं. एक दिवसाआड निम्मं बदलायला हवं. बदलायचं पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवायचं, त्यात हवेचा पंप सोडायचा, क्लोरीन उडून गेलं की मगच ते टाकीत जाणार. न्हाणीघराची अर्धी जागा दोन निळ्या पिंपांनी अडवलेली. भाऊजी मधल्या फटीत अंग चोरून आंघोळ करायचे आणि दुकानात सांगायचे की आमच्याकडे आधी माशांची सोय, उरलं तर माझी. शेजारीण एकदा म्हणाली, पोटच्या पोरांचं कुणी एवढं करत नाही. ताई म्हणाली, पोरं असती तर उलट उत्तरं दिली असती, हे निदान तोंड उघडतात ते खायलाच.

भाऊजींनी त्या टाकीत एकदाच हात घातला होता. ताई दोन दिवस माझ्याकडे आली होती. फिल्टरमधला स्पंज गढूळ, तपकिरी झालेला. यांना काही तो बघवेना. नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळून काढला. पाणी कसं काचेसारखं दिसायला लागलं. ताई परतली तेव्हा दोन मासे आडवे होऊन तरंगत होते. मग तिने जे सुनावलं ते तिला पोचवून परतताना मी जिन्यातूनसुद्धा ऐकलं. स्पंजातला तो मळ म्हणजे मळ नव्हे, त्यात जिवाणू राहतात, आणि माशांच्या घाणीचं विष तेच मोडून काढतात. स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, तोही जरासा दाबून. "स्वच्छ दिसणारं पाणी वेगळं आणि चांगलं पाणी वेगळं," ती म्हणाली, "पण ते तुम्हाला नाही कळायचं."

भाऊजी मानी. त्या दिवसापासून त्यांनी टाकीकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. जेवतानाही खुर्ची भिंतीकडे. ताई तेवढ्या वेळात, अंगात तो निळ्या ठिपक्यांचा गाऊन, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, नळी लावून पाणी काढत असायची. काम करताना तिला अंगात दुसरं काही चालायचं नाही.

मग ताई गेली. साधा ताप म्हणून तिने अंगावर काढला आणि हां हां म्हणता खेळ आटोपला. मला रडायलाही उसंत मिळाली नाही, इतक्या झटपट. आणि मागे राहिले हे भाऊजी आणि त्यांच्याशी ओळख नसलेले सहा मासे.

मी म्हटलं, दुकानदाराला देऊन टाका. ते म्हणाले, "तिचे आहेत." बस, एवढंच. त्यांनी ताईचं सगळं जसंच्या तसं उचललं. पिंपातलं पाणी, पंप, हीटर, तळाची घाण ओढून घेणारी नळी. स्पंज तर बाळाचं डोकं धुवावं तसा धुवायचे. पण मासे काही खाईनात. भाऊजी पांढरा सदरा घालून टाकीपाशी गेले, की सहाच्या सहा फिल्टरच्या पाइपामागे दडी मारायचे. भीतीने अंगावर उभे काळे पट्टे उठायचे. टाकलेलं खाणं तळाशी तसंच, ते कुजायच्या आत भाऊजी नळीने ओढून काढायचे.

दुकानदार येऊन पाणी तपासून गेला. म्हणाला, पाण्यात खोट काढायला जागा नाही. हे मासे बुजरे असतात, माणूस बदलला की खाणं सोडतात. दम धरा. पण दम किती धरायचा? माशांची कपाळं आत गेली, पाठी सुरीसारख्या झाल्या. एकदा आपल्या हातून यातले दोन मेले आहेत हे भाऊजींच्या डोक्यातून जाईना. हेही मेले तर तिने सांगितलेलं खरं ठरणार, की यांना काही कळत नाही. त्यांनी स्वतःच मला तसं सांगितलं, काच पुसता पुसता.

पुढे एका दुपारी मी ताईचे कपडे आवरायला गेले. ते काम करायला त्या घरात दुसरं होतं कोण? टाकीच्याच खोलीत बसून मी घड्या घालत होते. तो गाऊन उचलला, हनुवटीखाली धरून अंगासमोर पसरला, आणि पाहते तर पाइपामागून एक मासा पुढे आला. मग दुसरा. मग सगळे, काचेला तोंड लावून, तोंडांची उघडझाप करत.

भाऊजी दारात उभे होते. मी हलले नाही. त्यांनी चिमूटभर खाणं आणून टाकलं आणि मासे तुटून पडले. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या माशांचा राग आला. ताई आली असं वाटून जेवत होते मूर्ख. गाऊन मी बोचक्यात घातला नाही.

नंतर एकदा न कळवता गेले तर भाऊजींनीच दार उघडलं, मिशीसकट गाऊनमध्ये. गाऊन त्यांना पोटरीपर्यंतच येत होता. मी फिस्सकन हसले. तेही ओशाळून हसले आणि म्हणाले की बाई, आत तरी ये, जिन्यात तमाशा नको. आत गेल्यावर मात्र मला हसता येईना. ते पाणी काढत होते, त्याच वाकण्याने, आणि मासे त्यांच्या बोटांभोवती फिरत होते.

गाऊन भिजून भिजून विरायला लागला. साबणाचा अंश टाकीत जायला नको म्हणून तो नुसत्या पाण्यात पिळून वाळत पडायचा. कोपराशी जाळी झाली. एवढा एकच राहिला होता तिचा. तो वाचवायला म्हणून भाऊजींनी युक्ती काढली. आधी तो सदऱ्यावरून घातला, मग नुसता खांद्यावर टाकला, मग खुर्चीच्या पाठीवर. मासे खात राहिले. शेवटी त्यांनी गाऊन घडी करून कपाटात ठेवला, आणि मासे पांढऱ्या सदऱ्याला सरावले. चांगले गरगरीत झाले. भाऊजी भिंतीकडची खुर्ची फिरवून टाकीकडे तोंड करून जेवायला लागले. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

परवा मी गेले तेव्हा पाणी बदलणं चालू होतं. त्यांची पाठ धरलेली, म्हणून पिंपातून पाणी चढवायची नळी मी धरली. ती माझ्या हातून निसटली आणि मी नखशिखांत भिजले. भाऊजी कपाटापाशी गेले, जरा थांबले, आणि तोच गाऊन घेऊन आले. "तुला बसेल," म्हणाले.

मला तो बसला. आम्ही दोघी एकाच अंगाच्या. मी बाह्या वर सारत खोलीत आले आणि भाऊजी माझ्याकडे पाहतच राहिले. माझ्याकडे नाही, हे मला कळलं. त्यांचे ओठ हलले. मग टाकीत पाणी खळबळलं. सहाही मासे एकमेकांवर आपटत पाइपामागे शिरले होते. अंगावर ते काळे पट्टे.

मी म्हटलं, नळीला घाबरले असतील. भाऊजी म्हणाले, "नळी रोजचीच आहे." ते काचेजवळ गेले, मागे वळून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा माशांकडे पाहिलं. मी कपडे बदलेपर्यंत टाकी भरली होती. पाणी भरून झालं की सगळ्यात आधी फिल्टर सुरू करायचा, ही ताईची सक्त ताकीद. ते कधी चुकायचे नाहीत. आज बटण तसंच बंद होतं.

"विसरले गं तिला," ते म्हणाले. "मीच विसरायला लावलं."

माझ्या अंगावर तिचा गाऊन होता. मी फिल्टरचं बटण दाबायला एक पाऊल पुढे टाकलं, तर त्यांनी हात आडवा धरला.

"धाकटे, तो काढ आधी," ते म्हणाले. "घाबरतायत ते."

मी न्हाणीघरात जाऊन दोन पिंपांच्या मधल्या फटीत उभी राहिले आणि माझे ओले कपडे पुन्हा अंगावर चढवले.