लाल दोरा, काळा दोरा

घरापासून लांब, आठवीत शाळा सोडलेली मी. तरी दवाखान्यातल्या मॅडमनी पेशंटना घरी न्यायची औषधं समजावून कॉम्प्युटरवर 'समजलं' अशी खूण करायचं काम मला दिलं. ते उपकार विसरत नाही, पण समोरच्याला नीट कळल्याशिवाय खूण करत नाही.

एकदा मंद्रूप गावाहून आलेल्या आजींना विचारलं, "सकाळची गोळी कुठली?"

"मला कुटं वाचता येतंय? सून पाकिटाला दोरा बांधायची. लाल सकाळी, काळा रात्री."

"मग आता?"

"वारली की गं ती. पंधरा दिस झालं."

मला खूण करवेना. मॅडमना सांगितलं, तर त्यांनी समोरच्या शिंप्याकडून लाल-काळे दोरे आणवले. मी ते पाकिटांना बांधले.

आजींनी लाल दोरा चाचपला. "सकाळी," म्हणाल्या. मग हळूच, "तिची गाठ सैल असायची गं."

मी गाठ सैल केली. मगच खूण केली.