वीटभट्टीची टाकाऊ माती

माझ्या थोरल्या भावाला कार्यालयात सगळे 'मिलिमीटर' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. चौतीस वर्षं जमिनी मोजतोय. घरातही तेच. भिंतीवर फोटो लावायचा तर आधी फीत काढणार, मग पेन्सिल, तोवर वहिनी वैतागून खिळा ठोकून मोकळी. मी त्याच कार्यालयात नकाशांच्या नकला काढते. 'हा दादाने काढलेला नकाशा' असं सांगताना माझी मान ताठ व्हायची. व्हायची, असंच आता म्हणायला हवं.

गावाबाहेरून रेल्वेची नवी लाइन जायची होती. वाटेत मातीचा लांबलचक उंचवटा होता, पुरुषभर उंच, वर नुसतं गवत. काम सुरू होण्याआधी नियमाप्रमाणे तपासणी झाली. पुरातत्त्वाच्या बाईंनी त्यात आडवा चर खणला आणि त्यांचा चेहराच पालटला. ठोकून घट्ट केलेले मातीचे थर, मध्ये दगडांची रांग, तळाशी खापरं.

"हा तट आहे," त्या म्हणाल्या. "दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी टोपल्यांनी माती वाहून उभा केलाय."

दादाने आठवडाभर डोळ्यांत तेल घालून तो मोजला. तीनशे मीटर भरला. शुक्रवारी दुपारी ताडून बघायला त्याने मूळ नकाशा मागवला. मी रेकॉर्डच्या खोलीतून गुंडाळी आणली, टेबलावर पसरली, कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले. उंचवट्यापाशी लिहिलं होतं, 'वीटभट्टीची टाकाऊ माती'. खाली मोजणीदाराची सही.

सही दादाची होती, तीस वर्षांपूर्वीची.

कुणीतरी चेष्टा केली असेल असंच मला वाटलं. पुन्हा वाचलं. मग लांबीचा आकडा दिसला. अकराशे मीटर! टाकाऊ माती न्यायला आमच्याकडे परवानगी लागत नाही. म्हणजे आठशे मीटर तट लोकांनी ट्रक भरभरून नेला होता, घरांच्या जोत्यांत, अंगणांत, रस्त्यांखाली. उरलेल्यावरून रेल्वेने लाइन आखली, तीही हीच नोंद बघून. आणि या नकाशाच्या चार नकला मी स्वतःच्या हाताने काढल्या होत्या.

"दादा, तू तिथे गेला नव्हतास?"

त्याने सहीवर बोट ठेवलं. 

"रस्त्यावरूनच बघितलं, लांबीही तिथूनच धरली. शेजारी भट्टी होती. वाटलं, तिचीच माती असणार."

"अरे, पण शंभर पावलांवर होतं ते! आत का नाही गेलास?"

"चिखल होता," तो म्हणाला. "बूट नवे होते."

आजारी होतो म्हणाला असता, तर मी गप्प बसले असते. पण बूट! माझा आवाज इतका चढला की शिपायाने दारातून डोकावून बघितलं. मी रडत होते की ओरडत होते, मलाच कळत नव्हतं.

तेवढ्यात रेल्वेचे इंजिनिअर आले. माणूस वाईट नाही. नकाशा बघून तेही खुर्चीत बसलेच.

"हे बघा," ते हळूच म्हणाले, "सोमवारी मशिनं येतायत. बाईंचा अहवाल यायला महिना लागेल, तोवर कागदोपत्री ही टाकाऊ मातीच. जुनी नोंद आहे तशी राहू द्या, तट सपाट होईल आणि विषय संपेल. ती बदललीत तर लाइन वळवावी लागेल. मग तुमची चौकशी लागणार. दोन महिन्यांनी रिटायर होताय ना?"

आमच्या कामात चूक खोडरबराने पुसत नाहीत. तिच्यावर लाल शाईची एकच रेघ मारतात, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरी नोंद, मग कारण, मग सही. दादाने लाल पेन घेतलं. रेघ मारली. 'प्राचीन तट' लिहिलं. मग कारण लिहिलं, 'मोजणीदार जागेवर गेला नव्हता.'

"निदान नजरचूक तरी लिही रे," मी म्हणाले.

"खोटं होईल ते." त्याने सही केली.

सोमवारी मशिनं आली नाहीत. मंगळवारी चौकशीचं पत्र आलं. वहिनीने ते दोनदा वाचलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

रविवारी दादा फीत घेऊन निघाला. गेलेले आठशे मीटर कुठून कुठे होते, ते नकाशावर ठिपक्यांनी तरी दाखवायचं होतं. मी अजून त्याच्याशी धड बोलत नव्हते, तरी फितीचं दुसरं टोक धरायला गेले. आता तिथे घरं झाली आहेत. पहिल्याच फाटकात एक बाई कपडे वाळत घालत होती.

"काका, काय मोजताय?" तिने विचारलं. "इथे तर काहीच नाही."

"होतं," दादा म्हणाला. "मला बघायला पाठवलं होतं. मी आलो नाही."