रिंगणातल्या विटा

संतपुरात आमची नाचाची कंपनी होती. आसपासच्या गावांच्या जत्रा आमच्याशिवाय उरकत नसत. नाच शिकवणारे अण्णा कधी ओरडत नसत. आम्ही चुकलो की चंची उघडून मुकाट पान लावत बसत, आणि त्याचीच आम्हाला धास्ती वाटे.

रिंगण बारा जणांचं. एकेक जण हैदराबादला बांधकामावर निघून गेला, तसे अण्णा त्याच्या जागी वीट उभी करायला लागले. विटांना सांभाळून आम्ही नाचायचो. एकदा मला हसू आलं, तसे अण्णा म्हणाले,

"कामून हसायलास? जागा धरली न्हाई तर रिंगण आवळत जातंय. मग परत आलेल्याला कुठं घ्यायचं?"

मीही हैदराबादला निघालो तेव्हा त्यांनी अडवलं नाही. फक्त वीट हातात दिली. "तुझ्या जागी तूच ठेव."

दोन वर्षांनी जत्रेला आलो, तर नाचाऐवजी कॅसेट वाजत होती. देवळामागं बारा विटा तशाच उभ्या होत्या. मधोमध, अण्णा उभे राहून ताल धरायचे तिथं, तेरावी होती.

"जाताना सोताच ठेवून गेले," पाणी नेणारी एक अक्का म्हणाली. "हैदराबादला वाचमन हायत आता."

दुसऱ्या दिवशी मलाही परत जायचं होतं. मी माझी वीट हलवली नाही.