हळदीच्या दिवशीची गोळी

आमचे हे काही मूर्ख नाहीत. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून यांचे ट्रेलर कुठल्या कुठे जातात, आणि कोणता ड्रायव्हर थापा मारतोय ते यांना फोनवर नुसत्या आवाजावरून कळतं. पण पुतण्याच्या हळदीला यांनी जी अक्कल पाजळली, ती आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

त्याच्या दोन-तीन महिने आधी यांना अटॅक आला, हृदयाच्या नसा तुंबल्या होत्या. पनवेललाच अँजिओप्लास्टी झाली, स्प्रिंगा बसल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी यांना नाही, मला समोर बसवलं. "रक्त पातळ ठेवायची ही गोळी मला विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करायची नाही. स्प्रिंगमध्ये रक्त गोठलं तर इथपर्यंत पोचायलाही वेळ मिळणार नाही." मी तिथेच ठरवलं, या माणसाला मी जाऊ देणार नाही.

मग काय, घरात माझं राज्य सुरू झालं. सुकट बंद, खारे बोंबील बंद. आगरी घरातून सुकटीचा वास येईना म्हणून शेजारीण विचारायला आली, सगळं बरं आहे ना? गाडीत लपवलेली सिगारेटची पाकिटं शोधून फेकली. रोज सकाळी फिरायला नेलं, मी पुढे आणि हे कुरकुरत मागे. "तुझ्यापेक्षा तो अटॅक परवडला," म्हणायचे. म्हणू देत! हळूहळू दम लागायचा कमी झाला, चेहऱ्यावर तजेला आला, आणि तिथेच घात झाला. आपण पूर्वीसारखे झालो असं यांना वाटायला लागलं.

हळद होती पळस्प्याजवळ, मोठ्या दिरांकडे. आमच्यात हळद लग्नापेक्षा जोरात. मटण, बेंजोची वाजंत्री, आणि पुरुषांची प्यायची बैठक. हे मांडवाचं बघायला आदल्या दिवशी पहाटेच गेले. गोळ्या मी बॅगेत घालून दिल्या होत्या. मी हळदीच्या दिवशी दुपारनंतर पोचले, तर हे दिरांच्या शेजारी बसलेले, पुढ्यात भरलेला ग्लास. अजून तोंडाला लावलेला नव्हता.

मी काही बोलायच्या आत हेच हसून म्हणाले, "घाबरू नको गो. गोळीवर दारू चालत नाय ना? म्हणून कालपासून गोळीच बंद ठेवली हाय."

आई गं! वर दीर म्हणतात, "एका दिवसानं काय होतंय? घरची हळद हाय."

मी मागच्या अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन लावला. बेंजोच्या आवाजात एक कान बोटाने दाबून ऐकलं. छातीत दुखत नाही ना, हे त्यांनी आधी मला विचारून यायला लावलं. मग म्हणाले, "आत्ताच्या आत्ता गोळी द्या. एकच, राहिलेल्या भरून काढू नका. दारू अजिबात नाही. सकाळी घेऊन या, आणि जरा जरी दुखलं तर सकाळची वाट बघू नका."

दिरांसमोर मी आजवर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी यांच्या बॅगेतली गोळी मुठीत घेऊन सरळ बैठकीत शिरले, यांच्या पुढ्यातला ग्लास उचलला आणि मातीत ओतला. बेंजोवाले आपोआप थांबले.

"दादा," मी दिरांना म्हटलं, "आज तुमी यांना पाजाल. उद्या काय झालं तर याच मांडवाचे बांबू काढून तुमालाच बांधावे लागतील."

"अगं, तोंड आवर!" सासूबाई ओरडल्या. हळदीच्या मांडवात असं अभद्र बोलू नये, मलाही कळतं. पण माझा जीव कासावीस झाला होता, नाही आवरलं तोंड. दिरांनी आपलाही ग्लास बाजूला सरकवला.

हे उठले, रागाने लाल. मला मांडवाच्या कडेला घेऊन गेले. वाटलं, आता माझी खरडपट्टी काढणार. पण यांचा आवाज एकदम उतरला.

"सगळे माझ्याकडं कसे बघतात, बघितलंस?" हे म्हणाले. "खुर्ची द्या, पंखा लावा, त्याला उचलायला लावू नका. एक दिवस, फक्त एक दिवस मला पेशंट नव्हतं राहायचं."

मला रडू फुटलं. पण गोळी पुढे धरलेला हात मी मागे घेतला नाही.

"पेशंट म्हणून राहा," मी म्हटलं. "पण राहा."

यांनी हात पुढे केला.